सात चिरांचं जाळं

पहिला दगड व्हॅनच्या डावीकडच्या मागच्या काचेवर आला. मी तेव्हा यादीतलं नववं काम करत होते, घरून भरून आणलेल्या स्टीलच्या बाटल्या मोजायचं. दुसरा माझ्या खांद्याला घासून गेला. तिसरा कुठे पडला ते कळलं नाही, कारण तोवर आत आरडाओरडा सुरू झाला होता आणि खिडकीशी बसलेल्या बाईच्या कानामागून रक्ताचा ओघळ तिच्या स्वेटरमध्ये उतरत होता.

बोटीच्या धक्क्याच्या टोकाला एक पिकअप ट्रक उभा होता. दगड मारणाऱ्या माणसाला कसलीही घाई नव्हती. चाळिशीचा असावा. दगड मारताना त्याने हातातला कॉफीचा कप ट्रकच्या बॉनेटवर ठेवला होता. तो त्याने पुन्हा उचलला आणि ओरडला, "चोरांकडचे मासे खायला आलात ना? मग काचही त्यांच्याकडूनच बसवून घ्या!" मग गाडीत बसून निघून गेला.

पाण्याकडून एक बाई धावत आली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, अंगात लाइफ जॅकेट, हातात औषधांची पेटी. तिने कानामागची जखम पाहिली, दाबून धरली, पट्टी लावली आणि मला म्हणाली, "परत जायचं तर आत्ता जा. नाहीतर बोटीत बसा. मी असते तर बसले असते. तो वीस मिनिटांनी परत येईल, तुम्ही पळालात का ते बघायला."

मी व्हॅनमध्ये डोकं घालून बायकांना विचारलं. जिला लागलं होतं तीच आधी उठली.

"चार तास बसून आलेय. कंबर धरलीय माझी. आता सरोवर न बघता जायचं होय?"

दहाच्या दहा जणी बोटीत बसल्या. ही आमची तिथली पहिली सहल.

मी मूळची वसईची. दोन हजार सोळाच्या आसपासची ही गोष्ट, तेव्हा मला कॅनडात, मिसिसागात येऊन अठरा वर्षं झाली होती. एका गोदामात ट्रकांची वेळापत्रकं लावायचं काम करायचे. गोदाम बंद पडलं तेव्हा मी बसून एक यादी केली: मला काय काय येतं. गाडी चालवता येते, माणसं मोजता येतात, वेळ पाळता येते, म्हाताऱ्यांना वॉशरूम कधी लागेल ते आधी ओळखता येतं. एवढ्यावर मी सहली सुरू केल्या. मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेले आईवडील, आमच्या पॅरिशमधल्या बायका, बेसमेंटमध्ये नातवंडं सांभाळून कंटाळलेल्या आज्या. माझी व्हॅन दहा पाहुण्यांची, अकरावी मी. प्लास्टिकची बाटली न्यायची नाही, जिथे जाऊ तिथल्याच बाईच्या हातचं जेवायचं, लहान मुलांचे फोटो काढायचे नाहीत, दगड-शिंपले-पिसं काही उचलायचं नाही. मुलगी म्हणायची, "मॉम, यू आर रनिंग अ स्कूल." मी म्हणायचे, "हो. आणि हजेरी पण घेते."

बोटवाली (पेटी घेऊन धावत आलेली ती बाई; हे आमच्या बायकांनी तिला दिलेलं नाव, मीही तेच लिहिते) मला त्याआधी ओटावाला भेटली होती. एका लायब्ररीच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस जणी जमलो होतो, सगळ्या स्वतंत्र काम करणाऱ्या गाईड, कोणत्याही कंपनीत नसलेल्या. प्रत्येकीने आपली ओळख करून दिली. ती उठली आणि एवढंच बोलली: "आमच्या सरोवरावर दोन वर्षांपूर्वी मारामारी झाली. तेव्हापासून लॉज बंद आहे. आता जे येतात ते गाडीत बसूनच जागा बघतात आणि जातात. मला उतरणारी माणसं हवी आहेत." चहाच्या वेळी मी तिला माझी नियमांची यादी दाखवली. तिने पेन मागून खाली एक ओळ घातली: कोणालाही एकटं सोडायचं नाही. मी ती ओळ तशीच ठेवली, आणि तीच मोडली. ते पुढे येईल.

तिचा समाज तिथला मूळ रहिवासी, त्या सरोवरावर शेकडो वर्षं जाळी टाकत आला आहे, आणि सरकारशी झालेल्या जुन्या तहात तो हक्क लिहिलेला आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर कॉटेजवाले आणि गळ टाकणारे हौशी लोक. त्यांचं म्हणणं, जाळ्यांमुळे पिकरेल मासा संपत चालला. वसंतात मासा अंडी घालायला काठाशी येतो तेव्हा दर वर्षी शिवीगाळ व्हायची. मारामारी झाली त्या वर्षी शिवीगाळीवर भागलं नाही.

सहलीच्या शेवटी बोटवाली सगळ्यांना आपल्या शेडमध्ये न्यायची. तिथे आडव्या दांडीवर एक जाळं टांगलेलं होतं. त्याच्यासमोर उभं राहून ती सांगायची आणि मी मराठीत करायचे. आवाज न चढवता, जसं कोणी रस्ता सांगावा तसं.

"उजाडताना आम्ही जाळं उचलायला गेलो, मी आणि माझा भाऊ. वर आलं तर हे असं. सात चिरा. धक्क्यावर परत आलो तेव्हा चार माणसं थांबली होती. त्यांनी आधी आमच्या कुत्र्याला गोळी घातली. तो लगेच मेला नाही. भाऊ त्याच्याकडे वाकला, तेव्हा एकाने गलोलीने शिशाचा गोळा मारला, गळाला बांधतात तो. डोळ्यात. तो डोळा मी माझ्या हाताने दाबून धरला होता. मग मी हात काढला आणि वल्हं घेतलं, आणि जो सगळ्यात जवळ होता त्याच्या तोंडावर मारलं. तो गलोलवाला नव्हता. नुसता जवळ होता. हाड मोडल्याचा आवाज कानात येत नाही, वल्ह्यातून हातात येतो. तो खाली पडल्यावर मी आणखी दोनदा मारलं."

पहिल्यांदा हे मराठीत करताना मी शेवटचं वाक्य गाळलं. तिला मराठी येत नाही, पण वाक्यं मोजता येतात. तिने माझ्याकडे पाहिलं. "दोनदा," ती म्हणाली. "ते सांग." मी सांगितलं.

त्या माणसाच्या मोडलेल्या जबड्यासाठी तिला एक वर्षाची प्रोबेशन लागली, म्हणजे तुरुंग नाही पण वर्षभर सरकारी देखरेख. डोळ्यासाठी कोणाला काहीच लागलं नाही. गोळा कुणी मारला ते चौघांपैकी एकालाही आठवलं नाही. आणि जाळ्याबद्दल पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं की ते मोटारबोटीच्या पंख्यात अडकून फाटलं.

"पंखा जाळं पिळतो, ओढतो, गोळा करतो," ती चिरेच्या कडेजवळ बोट नेऊन सांगायची, पण टेकवायची नाही. "हे बघा. प्रत्येक धागा सरळ कापलेला. पंख्याला एवढा सरळ हात नसतो. हे जाळं माझं नाही, माझ्या भावाचं आहे. दाखवायची परवानगी त्याने दिली आहे, हात लावायची नाही."

भाऊ आम्हाला कधी भेटत नसे. सहलीच्या दिवशी तो जंगलात लाकडं तोडायला जायचा. आमची व्हॅन गेल्यावर परत यायचा.

या सहलींना तिच्या समाजाच्या कौन्सिलने एका उन्हाळ्याची परवानगी दिली होती. अर्धे लोक विरोधातच होते. त्यांची अट सोपी होती: पाहुण्यांमुळे आपल्या जमिनीवर भांडण झालं, रक्त सांडलं, तर त्याच दिवशी बंद. धक्का सरकारी जागेत होता म्हणून पहिल्या दिवशीचे दगड त्यात धरले गेले नाहीत. त्याची तक्रार मी केली, ट्रकचा नंबरही दिला. लिहून घेतलं गेलं आणि पुढे काही झालं नाही. पण बोटवालीकडे दुसरं काम नव्हतं. लॉजमधली नोकरी गेली होती आणि प्रोबेशनचा कागद बघून कोणी नवीन देत नव्हतं. तिची आत्या सहलीचं जेवण करायची, तिलाही त्यातूनच मिळायचं. हा उन्हाळा नीट गेला तर पुढचा मिळणार होता. मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: रक्त नाही.

तिसऱ्या सहलीला मावशी आली. एकाहत्तर वर्षांची, वसईच्या बंदरावरची कोळीण, लेकीकडे ब्रॅम्प्टनला आलेली. नवरा पंचेचाळीस वर्षं होडीवर होता. ती सगळ्या वाटेत बोलत होती. इथल्या माशांना वास नाही, इथल्या समुद्राला मीठ नाही. कोणीतरी म्हणालं, मावशी, हा समुद्र नाही, तळं आहे. "मग एवढं मोठं कशाला केलं?" ती म्हणाली.

धक्क्यावर बोट बघून मात्र तिने पाय मागे घेतला.

"मी नाय जायची."

"मावशी, लाइफ जॅकेट आहे. काही होत नाही."

"होण्याचं काय नाय गो. नवरा आयुष्यभर होडीत, मी आयुष्यभर काठावर. आमच्यातल्या बाया काठावरच्या. आणि गुडघा बघितलास माझा? भोपळा झालाय. तुम्ही जा. मी बसते तिकडे सावलीत."

सावली म्हणजे धक्क्याला लागून, त्यांच्या जमिनीवर असलेली ती शेड. बोटवालीची आत्या पलीकडच्या घरात जेवण करत होती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. मी आत्याला सांगून आले. मावशीला बाटली दिली, खुर्ची दिली. वहीत लिहिलं: बोटीत ९, शेडमध्ये १ विश्रांती. एकूण १०. बेरीज बरोबर आली, म्हणून मी पुढे बरोबरची खूण केली. बोटवालीने घातलेली ओळ त्याच पानावर होती. मला वाटलं, लिहिलं आहे म्हणजे तिला एकटं सोडलेलं नाही. इतक्या वर्षांच्या याद्यांनी मला लावलेली ही सवय, की वहीत बसलं की मिटलं.

जाळ्याला हात लावायचा नाही हे मी तिला सांगितलं नाही. ते नेहमी शेवटी सांगायचं असायचं.

आम्ही अडीच तास पाण्यावर होतो. परत येताना धक्क्याच्या आधीच ओरडणं ऐकू आलं. एक पुरुषाचा आवाज इंग्रजीत, आणि त्याच्यावर चढलेला मावशीचा आवाज मराठीत. बोटवालीने बोट धक्क्याला नीट लावलीही नाही, तशीच आपटली आणि उडी मारली. मी मागून.

शेडमध्ये मावशी जाळ्यासमोर उभी होती. खुर्ची उलटी पडलेली. जाळ्याच्या सात चिरांपैकी पाच शिवलेल्या होत्या, निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने, बारीक, गाठ गाठ सारखी. पॅरिशसाठी ती रोझरीच्या माळा ओवायची, तो दोरा तिच्या पिशवीत कायम असे. आमच्या बंदरावर वाळत घातलेलं जाळं फाटलेलं दिसलं की ज्याचा हात मोकळा त्याने बसायचं. विचारायचं नसतं. कोणाचं आहे हेसुद्धा नाही. विचारणं म्हणजे उपकार दाखवणं. साठ वर्षं ती हेच करत आली होती. समोर सात भोकांचं जाळं टांगलेलं असताना ती नुसती बसली असती तरच नवल होतं.

तिच्यासमोर बोटवालीचा भाऊ. उंच, वाळलेला, एका डोळ्यावर काळी चकती. लाकडं लवकर झाली म्हणून तो लवकर आला होता. तो प्यालेला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी तेच विचारलं. त्याच्या हातात मासे साफ करायची पातळ सुरी होती, आणि तो शिवलेल्या चिरांवरून ती सुरी वरपासून खाली ओढत होता. निळा दोरा सापडत नव्हता, जाळंच कापलं जात होतं. एक लांब, पुरुषभर उंचीची चीर.

"सात!" तो ओरडत होता. "सात होत्या! एकेक मला पाठ आहे! तुला कोणी सांगितलं? कोणी?"

"सोड! मेल्या, सोड ते! आई नाय तुला? जाळ्याला सुरी लावतोस?" मावशीने दोन्ही हातांनी जाळं धरलं होतं. तो खाली खेचत होता, ती वर. आणि मग तिने एक हात सोडला आणि त्याच्या कानाखाली वाजवली. खणखणीत. त्याची चकती सरकली. खाली जे होतं ते मी पाहिलं, आणि ते मी पाहायला नको होतं.

त्याने सुरीचा हात उचलला. मावशीसाठी की जाळ्यासाठी, मला आजही सांगता येत नाही. मी मध्ये हात घातला. पातं तळव्यातून अंगठ्याच्या मुळापर्यंत गेलं. दुखलं नाही, गरम वाटलं. माझं रक्त जाळ्यावर उडालं, मावशीच्या पांढऱ्या ब्लाउजवर उडालं, आणि मी मूर्खासारखी म्हणाले, "रक्त नाही, रक्त नाही."

मग मागून वल्हं आलं. त्याच्या मनगटावर. दुसऱ्यांदा बोटांवर. या वेळी मी जवळ होते, आवाज कानातसुद्धा आला. सुरी पडली. तो गुडघ्यावर बसला आणि तोंडातून आवाज न काढता हलत राहिला. बोटवालीने वल्हं तिसऱ्यांदा उचललं होतं. ते वरच राहिलं. तिने ते बाहेर फेकलं आणि दाराच्या चौकटीला धरून उलटी केली.

नऊ बायका दारात. कोणीतरी येशूचं नाव घेत होतं. मी म्हटलं, "मोजा स्वतःला. एक ते दहा. मोठ्याने." त्यांनी मोजलं. मावशीने "दहा" म्हटलं, खुर्ची सरळ केली आणि बसली.

दवाखाना चाळीस मिनिटांवर. माझी व्हॅन बोटवालीने चालवली. बायका आत्याकडे जेवायला थांबल्या. मधल्या सीटवर मी आणि तो, मध्ये एका सीटची जागा. माझ्या हाताला बीच टॉवेल, त्याच्या हाताला आत्याच्या स्वयंपाकघरातलं गोठलेल्या मटारचं पाकीट. अर्ध्या वाटेत तो पहिल्यांदा बोलला.

"ती म्हातारी मला काय म्हणाली?"

"मेल्या म्हणाली."

"म्हणजे?"

"मेलेला."

त्याने विचार केला. "ही शिवी आहे?"

"आमच्याकडे आई मुलाला म्हणते. रागात पण, लाडात पण."

"आणि कानाखाली?"

"तीसुद्धा."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "मला विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले. "हवं होतं. आणि मी तिला सांगायला हवं होतं."

वेटिंग रूममध्ये नर्सने माझा टॉवेल काढून पाहिला. गोळी लागली असती तर पोलिसांना कळवावंच लागलं असतं, सुरीचं तसं नाही, म्हणाली. कसं झालं ते तू सांगशील ते मी लिहीन. ती टाक्यांचं सामान आणायला गेली.

माझ्या बॅगेत अपघाताचा फॉर्म होता. विम्यासाठी, प्रत्येक सहलीला कोरा एक बरोबर असतो. डाव्या हातानेही लिहिता येईल एवढी मोठी चौकट. मी वाटेतच ठरवून टाकलं होतं. बोटवाली शेजारी बसली तेव्हा मी तिला सांगितलं.

"आत्याच्या स्वयंपाकघरात ब्रेड कापताना सुरी सटकली. तुझ्या भावाच्या बोटांवर बोटीचं झाकण पडलं. बायकांना मी समजावते, त्या कोणाला सांगणार नाहीत. पुढच्या सहा सहली ठरलेल्या आहेत. तुझा उन्हाळा वाचेल."

तिने माझ्या मांडीवरचा कोरा फॉर्म वरपासून खाली पाहिला.

"पंखा," ती म्हणाली.

"काय?"

"तू पण पंखाच लिहिते आहेस." ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचनेकडे बघत होती. "दोन वर्षं मी त्या एका शब्दासमोर उभी आहे. प्रत्येक सहलीत. तू तो तुझ्या भाषेत सांगतेस. आणि आता तूच?"

"मी तुला वाचवायला बघतेय."

"त्यांनीही कोणालातरी वाचवायलाच लिहिलं." मग ती वळली. "लिही. त्याने कापलं. मी मारलं. किती वेळा?"

"दोनदा."

"दोनदा लिही."

समोरच्या बाकावर तिचा भाऊ हात मांडीवर धरून बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. नर्स आली तेव्हा मी खरं सांगितलं, आणि टाके पडल्यावर फॉर्म डाव्या हाताने भरला. वाकडी अक्षरं, पण वाचता येत होती. पाहुणीला एकटं सोडलं, मी. न विचारता जाळं शिवलं, पाहुणीने. सुरीने कापलं, भावाने. कानाखाली मारली, पाहुणीने. पात्यासमोर हात घातला, मी. वल्ह्याने दोनदा मारलं, गाईडने. माझ्याकडून पोलिसात तक्रार नाही.

घरी आल्यावर मुलीने हात पाहिला आणि पहिलं वाक्य इंग्रजीत, दुसरं मराठीत बोलली. ती सहसा मराठीत बोलत नाही. "परत जायचं नाही," एवढंच.

दहा दिवसांनी मी परत गेले, एकटी, कौन्सिलच्या सभेला. सगळ्यांसमोर फॉर्म वाचून दाखवला. विरोधातला एक जण मागून म्हणाला, "म्हातारीला निदान वाईट वाटलं का?"

मी मावशीला फोनवर हेच विचारलं होतं. तिने दिलेलं उत्तर मला सांगावं लागलं.

"ती म्हणते, दोन राहिल्या."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं, मग आणखी काही जण. बोटवालीचा भाऊ पहिल्या रांगेत होता, दोन बोटं एकमेकांना बांधलेली. तो हसला नाही. उठून म्हणाला, "सुरी माझी होती. बाकी लिहिलंय तसंच आहे," आणि खाली बसला.

हसण्याने निकाल बदलला नाही. अट ती अट. सहली त्या दिवसापासून बंद. मी सहाही गटांना फोन केले, प्रत्येकाला कारण सांगितलं, वहीतल्या सहा ओळींवर सहा रेघा मारल्या. बोटवाली त्या हिवाळ्यात शहरात एका हॉटेलात खोल्या साफ करत होती. आम्ही महिन्यातून एकदा बोलायचो. तिच्या सुट्टीच्या दिवशी, दहा मिनिटं. जाळ्याबद्दल ती बोलली नाही, मी विचारलं नाही.

बर्फ वितळायला लागल्यावर तिचा मेसेज आला. कौन्सिलने पुन्हा विषय घेतला होता. मतं थोड्या फरकाने तिच्या बाजूने पडली. एक सहल. ती नीट झाली तर पुढची. खाली लिहिलं होतं: शिवणारीला आण.

जूनमध्ये आम्ही गेलो. धक्क्यावर पिकअप ट्रक उभा होता, तोच. आत माणूस बसलेला, कॉफी पीत. मी व्हॅन त्याच्या बाजूलाच लावली, नंबर वहीत लिहिला, त्याला दिसेल असा. तो उतरला नाही, त्याने काही मारलं नाही. गेलाही नाही. दिवसभर तिथेच होता.

बोटवालीने क्रम बदलला होता. आधी शेड, मग पाणी. जाळं तिथेच टांगलेलं, दांडीवर. पाच निळ्या रांगा, मधून त्यांना छेदत गेलेली लांब चीर, आणि खालच्या कोपऱ्यात दोन जुन्या, उघड्या. माझं रक्त तपकिरी होऊन धाग्यांत बसलेलं. कोणी धुतलं नव्हतं.

"या सात त्यांच्या," ती सांगत होती आणि मी मराठीत करत होते. "त्यातल्या पाच एका पाहुणीने शिवल्या, न विचारता. ही लांब माझ्या भावाची. हे डाग माझ्या मैत्रिणीचे, जी हे तुम्हाला सांगते आहे. त्यानंतर मी माझ्या भावाची दोन बोटं मोडली."

एका बाईने विचारलं, "मग आता हे नीट का नाही करत?"

भाऊ दारात उभा होता. या वेळी तो जंगलात गेला नव्हता. त्याची मधली दोन बोटं नीट वळत नाहीत, हे लाइफ जॅकेटचे पट्टे बांधताना दिसत होतं.

मावशी पुढे झाली. हात मागे बांधलेले, व्हॅनमध्ये मी तिला तसं बजावलं होतं. तिने आधी जाळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मला म्हणाली, "विचार गो त्याला. दोन राहिल्यात. आणि ती लांब. करू का?"

मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

मी तिला सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. मावशीने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"बरं," ती म्हणाली, आणि दोरा पिशवीत खाली सरकवला. "मग मी इथे बसून काय करू? तो माझ्यावर डोळा ठेवून बसणार. मला होडीत घे."

भावाने तिच्यासाठी लाइफ जॅकेट उघडून धरलं. तिने आधी एक हात घातला, मग दुसरा. तो पट्टा आवळायला लागला तेव्हा ती पुटपुटली, "हळू, मेल्या," आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही. तो शब्द त्याला माहीत होता.

मी धक्क्यावर उभं राहून डोकी मोजली. बोटीत दहा. शेडमध्ये कोणी नाही. मग वही मिटून पुन्हा मोजली.